गावाकडची स्वयंसेवी ॲम्ब्युलन्स सेवा : माणसांना पाच स्टार, दुपारच्या ड्युटीला दोन

स्वयंसेवी ॲम्ब्युलन्सचा रिव्ह्यू लिहायचा म्हणजे पंचाईतच आहे. ज्यांचा माणूस वाचला ते डोळे झाकून पाच स्टार देतात, ज्यांच्याकडे गाडी उशिरा पोचली ते एक स्टार देतात नाहीतर काही लिहायच्या मनःस्थितीतच नसतात, आणि मधले तीन-चार स्टारवाले कोणी सापडतच नाहीत. मी त्या मधल्या लोकांतली. घरच्या माणसाला अशा गाडीतून नेलंय आणि नंतर मागच्या बाकावर अटेंडंट म्हणून ड्युटीही करायला लागले, त्यामुळे पेशंटच्या बाजूनं काय दिसतं आणि ड्युटीच्या बाजूनं काय दिसतं ते दोन्ही सांगू शकते. हा रिव्ह्यू कुठल्या एका संस्थेचा नाही, या प्रकारच्या सेवेचाच आहे. एकूण साडेतीन स्टार. का ते खाली, मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शहर लांब, मोठं हॉस्पिटल लांब, पगारी ॲम्ब्युलन्स ठेवायला परवडत नाही एवढे कमी कॉल, म्हणून गावातलेच लोक, कोणी शिक्षक कोणी दुकानदार कोणी मेकॅनिक, ट्रेनिंग घेतात आणि पाळीपाळीनं फोन जवळ ठेवतात. फोन वाजला की हातातलं काम टाकून गाडीकडे पळायचं. ही काही नवी टूम नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्सची मिझेरिकॉर्डिया ही सेवाभावी संस्था आपली सुरुवात १२४४ सालापासून सांगते आणि तिचे स्वयंसेवक आजही ॲम्ब्युलन्सवर असतात. अमेरिकेत रोनोक नावाच्या शहरात ज्युलियन वाइज नावाच्या माणसानं १९२८ मध्ये रेल्वेतले आपले सहकारी गोळा करून पथक काढलं, तिथलं पहिलं स्वतंत्र स्वयंसेवी बचाव पथक म्हणून त्याचं नाव घेतात. या वाइजनं लहानपणी, १९०९ मध्ये, होडी उलटून दोघांना नदीत बुडताना पाहिलं होतं, ते डोक्यातून गेलंच नाही. म्हणजे अशी सेवा सुरू कशी करायची हे लोकांना कधीचंच माहीत आहे. सुरू करायला एक वाईट प्रसंग आणि चार तळमळीची माणसं पुरतात. दहाव्या वर्षी ती चालू आहे का, हा खरा प्रश्न, आणि मी जे दीड स्टार कापलेत ते सगळे त्याच खात्यात कापलेत.

आधी चांगलं बोलते. माणसं. फोन केल्यावर जो माणूस दारात येतो तो तुम्हाला ओळखत असतो, घर शोधत बसत नाही, कुठल्या फाट्यावरून आत वळायचं, कुठल्या गल्लीत गाडी शिरत नाही, कोणाच्या अंगणातून स्ट्रेचर काढता येतो हे त्याला पाठ असतं. आजोबांना ऐकू कमी येतं हे त्याला सांगावं लागत नाही. मॅपवर रस्ता दिसतो पण पावसात तो बंद असतो हे पण त्यालाच माहीत. हे कुठल्याही पगारी सेवेत विकत मिळत नाही. आणि कोणी उपकाराची भाषा करत नाही, हे मी मुद्दाम लिहितेय. रात्री अडीच वाजता उठून आलेला माणूस सकाळी आपल्या कामावर जातो आणि दुकानात भेटला तर एवढंच विचारतो, काय म्हणतात आता तब्येत. पाच स्टार, यात वाद नाही.

गाडीला चार. गाडी बाहेरून कशी दिसते याला मी मार्क देत नाही, ती देणगीत आलेली असते आणि देणगीदाराचं नाव पेशंटच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात असतंच. आतलं बघायचं. ड्युटीवर आलं की पहिलं काम म्हणजे गाडी चेक करणं आणि सेवा जिवंत आहे की नुसती उभी आहे ते या पंधरा मिनिटांत कळतं. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी जागेवर आहे का? ती हरवू नये म्हणून कोणीतरी नाडीनं सिलिंडरच्या गळ्यात बांधून ठेवलेली असेल तर समजा इथं कामाचा माणूस आहे. मग काटा किती दाखवतोय ते. समजा सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर आहे आणि पेशंटला मास्कनं मिनिटाला पंधरा लिटर द्यावं लागतंय, तर ते शंभर मिनिटं पुरणार, त्यातही शेवटचा थोडा राखून ठेवायचा. शहरात शंभर मिनिटं म्हणजे चंगळ आहे, पण जिथं हॉस्पिटल दीड तासावर आहे आणि मध्ये घाट आहे तिथं अर्धा सिलिंडर घेऊन निघणं म्हणजे जुगार. स्ट्रेचरचं लॉक खाड् असा आवाज करून बसतं का, की दोनदा ढकलावं लागतं. सक्शन मशीन, म्हणजे पेशंटच्या घशातली घाण ओढून काढायचं मशीन, चार्जिंगला लावलेलं आहे का, का चार्जर कोणी मोबाईलसाठी काढून घेतला (हसू नका, होतं असं). एईडी म्हणजे शॉक द्यायचं मशीन असेल तर त्याच्या पॅडची तारीख. ते पॅड साधारण दोनेक वर्षांत बाद होतात, आतली जेल सुकते आणि सुकलेला पॅड छातीला नीट चिकटत नाही. मशीनवर हिरवा दिवा लुकलुकत असतो म्हणून सगळे निर्धास्त, आणि पॅड मात्र कधीचे संपलेले.

चार दिले, पाच नाहीत, कारण गाडी उभी राहूनही खराब होते हे देणगी देणाऱ्यांना पटत नाही. जिथं कॉल कमी तिथं गाडी दिवसचे दिवस उभी, बॅटरी उतरते, टायरची नक्षी नवीकोरी दिसते पण रबर कडक होऊन भेगा पडलेल्या असतात. मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणणारच, अहो गाडी फिरलीच किती, टायर कशाला बदलायचे. या एका वाक्यापायी मी मोठमोठे वाद होताना पाहिलेत.

आता दोन स्टारवाला भाग. दुपारची ड्युटी.

रात्रीला माणसं मिळतात, हे ऐकून बाहेरच्यांना नवल वाटतं. रात्री सगळे घरी असतात ना, फोन वाजला तर उठतात. रविवारीही मिळतात. खरी बोंब असते मंगळवारी दुपारी दोन वाजता. तरुण पोरं नोकरीला शहरात गेलेली, शिक्षक वर्गावर, दुकानदाराला दुकान टाकून निघता येत नाही, शेतावरच्या माणसाला फोनची रेंज नाही. गावात उरतात म्हातारी माणसं आणि लहान मुलं, म्हणजे ॲम्ब्युलन्स ज्यांना लागणार तेच, चालवणारं कोणी नाही. म्हणून कुठलीही स्वयंसेवी सेवा चांगली आहे का हे बघायचं असेल तर उद्घाटनाचे फोटो बघू नका, भिंतीवरचा ड्युटी चार्ट बघा आणि मंगळवार दुपारच्या चौकोनात कोणाचं नाव आहे ते वाचा. बऱ्याच ठिकाणी तिथं पाचही दिवस एकच नाव दिसेल, बहुतेक रिटायर्ड माणूस, आणि त्याचंच गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात असेल.

हिशोब करून बघा, अवघड नाही. आठवड्याचे तास १६८. गाडीवर कमीत कमी दोघं पाहिजेत, एक चालवायला आणि एक मागे पेशंटजवळ, म्हणजे झाले ३३६ माणूस-तास. प्रत्येकानं आठवड्याला बारा तास दिले तर २८ माणसं लागतात, आणि बारा तास म्हणजे काही कमी नाहीत हो, नोकरी, घर, मुलं सांभाळून. सहा तासच जमत असतील तर ५६ माणसं. आजारपण, लग्नकार्य, सुट्टी, पेरणी-कापणी यात धरलेलंच नाही. आता आपल्या आजूबाजूच्या पथकात खरंच ड्युटी करणारे किती आहेत ते मोजा. यादीत नावं चाळीस असतात, टीशर्ट चाळीस छापलेले असतात, आणि फोन उचलणारे सात. त्या सातांवर सगळा गाडा. पहिल्या वर्षी ते उत्साहात असतात, तिसऱ्या वर्षी घरचे कुरकुर करतात, पाचव्या वर्षी एक जण सोडतो, मग उरलेल्या सहांवर सातव्याचं ओझं येतं आणि त्यातून दुसरा सोडतो. सेवा बंद पडते ती अशी, एका दिवसात नाही. आधी 'आज दुपारी गाडी उपलब्ध नाही' असा मेसेज ग्रुपवर येतो, मग तो आठवड्यातून दोनदा यायला लागतो, मग लोक फोन करायचंच सोडतात आणि मिळेल त्या जीपमधून पेशंट नेतात.

ट्रेनिंगचं पण आहेच. पूर्वी प्रथमोपचार येत असला की चालायचं, आता रास्त अपेक्षा वाढल्यात. अमेरिकेत ईएमटी म्हणजे ॲम्ब्युलन्सवरच्या मूलभूत दर्जाच्या माणसाचा कोर्स दीडशे तासांच्या आसपास जातो आणि तिथल्या राष्ट्रीय नोंदणीत नाव टिकवायचं तर दर दोन वर्षांनी ४० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. हे गरजेचं आहे, मी विरोधात नाही, चुकीच्या हातात ऑक्सिजनचा मास्क आणि मानेचा पट्टा दोन्ही धोक्याचे. पण जो माणूस फुकट येतो त्यालाच स्वतःच्या खर्चानं लांबच्या शहरात जाऊन परीक्षा द्यायला लावायची हे कुठल्या शहाणपणात बसतं? कोर्स गावात आणा, शनिवार-रविवार घ्या, फी पथकानं भरा, हेपाटायटिस बीची लस पथकाच्या खर्चानं द्या. ज्या ठिकाणी हे करतात तिथं नवी माणसं येतात, जिथं करत नाहीत तिथं 'आजकालच्या तरुणांना सेवाभाव नाही' अशी भाषणं होतात.

आणि मागच्या बाकावर नेमकं काय करावं लागतं ते पण सांगते, कारण लोकांना वाटतं पेशंट टाकला, सायरन लावला, निघाले. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब द्यायचा तर मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर वेळी दाब पूर्ण सोडून छाती परत वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत दंड भरून येतात. म्हणूनच माणूस बदलायला लागतो, आणि चालत्या गाडीत वळणावर हे धड होत नाही, करणाराच पडतो. असा पेशंट असेल तर आहे त्या जागीच, जमिनीवर, नीट सीपीआर, म्हणजे हाच छातीवरचा दाब, आणि शॉक देणं जास्त उपयोगी, आणि नातेवाईक मात्र ओरडत असतात की उचला, लवकर उचला. त्यांचंही बरोबर आहे त्यांच्या जागी. काहीच न करता जाणाऱ्या दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते असं धरतात, म्हणजे गाडी पोचायला वीस मिनिटं लागणार असतील तर त्या वीस मिनिटांत घरच्यांनी काय केलं यावर सगळं. सायरनचंही तेच, त्यानं वाचतात ती बहुतेक वेळा थोडीच मिनिटं, आणि अपघाताचा धोका मात्र वाढतो. जो ड्रायव्हर गाडी एकसारखी, धक्के न देता चालवतो त्याला मी हिरो मानते, बाकी सुसाट चालवणारे पुष्कळ मिळतात.

पैशाकडे येते. इथं माझा सगळ्यात जास्त राग आहे.

नवीन गाडी मिळवणं सोपं आहे. फीत कापता येते, चावीचा मोठा पुठ्ठा हातात धरून फोटो निघतो. पण डिझेल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, ऑक्सिजन भरणं, ग्लोव्हज, पॅड, फोनचं बिल, याची फीत कशी कापणार? एका ठिकाणी, नाव घेत नाही, दारात दोन ॲम्ब्युलन्स उभ्या आणि दोन्हीचा इन्शुरन्स संपलेला. तिसरी द्यायला एक देणगीदार तयार होता. त्याला विनवून सांगितलं की साहेब गाडी नको, यांचाच वर्षाचा खर्च उचला, तर म्हणाले त्यावर नाव कुठं टाकणार.

खरं तर ॲम्ब्युलन्सचा खर्च धावण्याचा कमी आणि तयार राहण्याचा जास्त असतो. महिन्यात दहा कॉल झाले काय नि तीस झाले काय, गाडी, माणूस, फोन हे चोवीस तास तयारच ठेवायला लागतात. पण पैसे मिळतात ते धावल्याचे. अमेरिकेतली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना घ्या, ॲम्ब्युलन्सनं पेशंटला हॉस्पिटलला नेलं तर पैसे देते, जागेवर जाऊन उपचार केले, साखर उतरलेल्या माणसाला शुद्धीवर आणलं आणि तो म्हणाला मी येत नाही, तर बहुतेक वेळा काही मिळत नाही. ग्रामीण भागासाठी तिथं ३ टक्के जास्त दर आहे, अगदी विरळ वस्तीच्या भागासाठी २२.६ टक्के, पण ही वाढ तात्पुरती म्हणून दिलेली आणि दरवेळी मुदत संपत आली की संसदेनं पुढं ढकलायची. एवढ्या श्रीमंत देशात ही तऱ्हा. आणि तिथल्या पुष्कळ राज्यांत पोलीस आणि आगीचा बंब ही आवश्यक सेवा, ॲम्ब्युलन्स मात्र कायद्यानं कोणाचीच जबाबदारी नाही. आयोवा राज्यानं २०२१ मध्ये कायदा केला की काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, हवं तर ॲम्ब्युलन्सला आवश्यक सेवा ठरवता येईल आणि लोकांनी मतदान करून मान्यता दिली तर त्यासाठी कर लावता येईल. मला हा रस्ता पटतो. थोडा थोडा सगळ्यांनी, दरवर्षी, ठरलेला. लकी ड्रॉ आणि गाण्यांचे कार्यक्रम करून टायर घ्यायचे हे किती वर्षं चालणार?

काही ठिकाणी घरटी वार्षिक वर्गणी असते, ती पण चांगली चालते, फक्त एक अट, वर्गणी न भरलेल्याच्या घरीही गाडी जायलाच पाहिजे. तिथं कोणी पावती मागितली की संपलं, त्या पथकाचा मान गेला.

ग्राहक म्हणून आपणही कमी नाही हे लिहायलाच पाहिजे. डॉक्टरची तारीख आहे, बस सुटली, मग ॲम्ब्युलन्स बोलवा. हॉस्पिटलंही तेच करतात, या हॉस्पिटलमधून त्या हॉस्पिटलला शिफ्ट करायचं, घाई काहीच नाही, पण फुकटची गाडी आहे ना. एक शिफ्टिंग म्हणजे जाऊन-येऊन पाच-सहा तास, तेवढा वेळ अख्खा भाग उघडा आणि दोन स्वयंसेवकांचा दिवस गेला. त्यांना नाही म्हणता येत नाही कारण समोरचा ओळखीचा. माझ्या मते अशा कामाला वेगळी साधी गाडी, ठरलेलं भाडं आणि आधी नोंदणी, आणि हा नियम सरपंचापासून सगळ्यांना सारखा. जिथं हे केलं नाही तिथं माणसं दमतात ती हार्ट अटॅकच्या कॉलनं नाही, या असल्या फेऱ्यांनी दमतात. विचारून बघा कोणालाही.

अजून एक गोष्ट, जी बाहेरून दिसतच नाही. शहरातल्या ॲम्ब्युलन्सवाल्याला पेशंट अनोळखी असतो. गावात दार उघडलं की समोर आपल्याच वर्गातला मित्र पडलेला असतो, किंवा ज्या बाईनं लहानपणी आपल्याला शिकवलं ती. आणि तो गेला तर तेराव्यालाही जायचं आणि तिथं कोणीतरी हळूच विचारणार, दहा मिनिटं आधी आला असता तर? यावर पथकात बोलायची सोय पाहिजे. मोठं काही नको, कॉल झाल्यावर गाडी धुताना दोघं-तिघं थांबून बोलले, पुढची ड्युटी दुसऱ्यानं घेतली, आठवड्यानं कोणी विचारलं झोप लागते का, एवढं पुष्कळ आहे. जिथं 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं' असं म्हणतात तिथून माणसं काही न बोलता गळतात, कारण विचारलं तर सांगतात कामाचा लोड वाढला. आणि याची दुसरी बाजू म्हणजे गुप्तता. कोण किती प्यायला होता, कोणाच्या पोरीनं काय घेतलं होतं, घरात काय दिसलं, हे गाडीतच राहिलं पाहिजे. एकदा का एका घरातली गोष्ट कट्ट्यावर आली की दुसऱ्या घरचे फोन करायला कचरतात, आणि मग उशीर होतो. माझ्या मते नव्या माणसाला घेताना त्याला बँडेज बांधता येतं का यापेक्षा त्याच्या पोटात काही राहतं का हे आधी बघावं.

पर्याय काय आहेत म्हणाल तर, मला आवडलेलं एक मॉडेल म्हणजे सरमिसळीचं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडचं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्य पंचवीस लाख चौरस किलोमीटरचं, तिथं सेंट जॉन ही संस्था ॲम्ब्युलन्स चालवते आणि शहरं सोडली तर बराचसा भार स्वयंसेवकांवर आहे. पण त्यांना वाऱ्यावर सोडलेलं नाही, कम्युनिटी पॅरामेडिक म्हणून पगारी माणसं नेमलीत जी आपल्या भागातल्या स्वयंसेवक केंद्रांना ट्रेनिंग देतात, अडचणी बघतात, अवघड केसला मदतीला येतात. ऑस्ट्रियात रेडक्रॉसच्या गाड्यांवर पगारी, स्वयंसेवक आणि लष्कराऐवजी नऊ महिन्यांची नागरी सेवा निवडलेली तरुण मुलं असे तिन्ही असतात, आणि ती मुलं बहुतेक दिवसाच्या पाळीला असतात म्हणजे मंगळवार दुपार सुटली! पूर्ण पगारी पथक परवडत नसेल तरी दिवसाच्या आठ तासांपुरता एक पगारी ड्रायव्हर-कम-अटेंडंट ठेवला आणि रात्री, रविवार स्वयंसेवकांकडे दिला तरी सेवेचं आयुष्य वाढतं. यावर जुने लोक नाराज होतात की आम्ही फुकट करायचं आणि त्याला पगार का. त्यांची नाराजी समजू शकते, पण पगार कामाचा नाही, त्या वेळेला दुसरं कोणीच नसतं त्याचा आहे. अमेरिकेतल्या काही पथकांत वर्षानुवर्षं सेवा दिलेल्या स्वयंसेवकांना म्हातारपणी छोटंसं पेन्शन मिळायची योजना असते, तसलं काही केलं तर तोंडं गोड राहतील.

गाडीच नको, आधी माणूस पोचू दे, हाही एक विचार आहे. ब्रिटनमध्ये कम्युनिटी फर्स्ट रिस्पॉन्डर असतात, ॲम्ब्युलन्स सेवेनंच शिकवलेले गावातले लोक, घरी शॉकचं मशीन आणि ऑक्सिजनची बॅग ठेवतात, कॉल आला की स्वतःच्या गाडीनं पोचतात आणि मोठी गाडी येईपर्यंत सांभाळतात. यात दोघं लागत नाहीत, लांब जावं लागत नाही, तासाभरात माणूस परत कामावर. दुपारच्या दोन वाजताच्या प्रश्नावर हे औषध बरं वाटतं, फक्त मागून येणारी मोठी गाडी खरंच येत असली पाहिजे, नाहीतर बॅग घेऊन बसलेल्या माणसाचे हाल कुत्रा खात नाही.

आणि आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर पश्चिम बंगालमधल्या जलपायगुडीचे करीमुल हक. चहाच्या मळ्यातले कामगार, ॲम्ब्युलन्स न मिळाल्यानं आई गेली, मग मोटारसायकललाच ॲम्ब्युलन्स केलं आणि गावागावांतून पेशंट नेऊ लागले, २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली, लोक बाइक ॲम्ब्युलन्स दादा म्हणतात. त्यांच्यापुढं हात जोडावेत एवढं काम आहे. पण एका माणसाच्या जिवावर उभं राहिलेलं काम बघितलं की मला पहिली काळजी हीच वाटते की यांना ताप आला तर त्या दिवशी कोण. पुरस्कार माणसाला मिळतो, रजेवरचा बदली माणूस कोणी देत नाही.

मग तुम्ही अशा सेवेला देणगी द्यावी का, तिथं नाव नोंदवावं का? दोन्हीला माझं हो. पण देणगी देण्याआधी आत जाऊन बघा. ड्युटी चार्ट मागा, मागच्या तीन महिन्यांत किती कॉलला गाडी जाऊ शकली नाही ते विचारा, याची नोंद ठेवत असतील तर बिनधास्त पैसे द्या, 'असं कधी होतच नाही' म्हणाले तर जरा थांबा. आणि देताना सांगा की हे टायरसाठी, हे पॅडसाठी, हे दोन पोरांच्या कोर्सच्या फीसाठी. नाव टाकायचंच असेल तर सिलिंडरवर टाका, तो निदान रोज कोणीतरी बघतं.

नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्मे म्हणतात मला रक्त बघवत नाही. नका बघू. गाडी चालवता येते ना? तेही नको तर हिशोब लिहा, बिलं भरा, इन्शुरन्सची तारीख लक्षात ठेवा, ड्युटीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना फोन करून उद्या येताय ना विचारा. खरं सांगायचं तर पथकांना अटेंडंटपेक्षा जास्त टंचाई याच माणसांची आहे, कारण मागच्या बाकावर बसणाराच रात्री जागून पावत्या पण फाडत असतो. दुपारी मोकळे असाल, मग रिटायर्ड असा, घरून काम करणारे असा नाहीतर पोरं शाळेत गेल्यावर घरी असणाऱ्या बायका असा, तर आजच जाऊन भेटा. आमच्याकडे दुपारच्या दोन पाळ्या अजून रिकाम्या आहेत.